वरून आलेली यादी

किसनभाऊ गेले, हे सुदामनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, "शेवटी काही बोलले का?" त्याला ती माया वाटली असणार. खरं तर मी घाबरलो होतो... चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. या गोष्टीला आता दोन महिने होतील.

फार वर्षांपूर्वी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी नवा सुपरवायझर होतो. पैठणकडच्या जमीनजुमल्याच्या घरातला आणि त्याची घमेंड असलेला. किसनभाऊ फुलंब्रीहून एसटीनं यायचे. मेंढरांमागं वाढलेला माणूस, पण लेथवर हात असा की बघत राहावं. तेव्हा एक माणूस, एक मशीन अशी रीत होती. एक जण आला नाही की त्याचं मशीन बंद आणि पुढच्याचे हात रिकामे. किसनभाऊंनी तोड काढली, चौघांची टोळी करायची आणि चौघांनी एकमेकांचं काम शिकायचं. "साहेब, मेंढरं राखताना ही याची अन् ती त्याची असं नसतंय. समद्यांला समदा कळप वळता आला पायजे." मी हसलो होतो. पण त्यांच्या टोळीत माल तुंबेनासा झाला, आणि मोठ्या साहेबांनी साऱ्या कारखान्यात तशाच टोळ्या केल्या. बौद्ध वस्तीतला सुदाम त्यांच्याच टोळीत होता. आपला डबा आपण खायचा नाही, दुसऱ्याचा खायचा, असा त्या चौघांचा नियम होता.

मग विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं. शहरात तणाव, शहागंजातली दुकानं कधी उघडी, कधी बंद. कारखान्यात कुणी कुणाला वावगं बोललं नव्हतं. तरी मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "टोळ्यांत काही गडबड होईल का?" होणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. उद्या काही झालंच तर खापर आपल्यावर नको, म्हणून मी आडनावं बघून नव्या टोळ्यांची यादी करून दिली. आपली माणसं एकीकडं, त्यांची दुसरीकडं. 'आपली' हा शब्द लिहितानाही आज लाज वाटते.

यादी लागली त्या सकाळी किसनभाऊ माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब, ही कुनी केली?"

"वरून आलीय."

"मग वरच बोलतो."

मी त्यांना थांबवलं नाही. ते मोठ्या साहेबांशी भांडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बदली पॅकिंगला झाली. निवृत्त होईपर्यंत त्या माणसानं खोकी बांधली. नव्या टोळ्या चालल्या नाहीत, माणसं एकमेकांना काम शिकवेनात. मी मात्र मॅनेजर झालो. कारखान्यात बदल कसा राबवावा यावर भाषणं दिली, किसनभाऊंचा कळप सांगून टाळ्याही घेतल्या. ते भेटले की "बरं हाय का साहेब?" एवढंच विचारायचे, आणि मी घड्याळ बघत निघायचो.

गेल्या रविवारी फुलंब्रीला किसनभाऊंच्या घरी गेलो. चहा मुलानं केला. सून अंगणात पाण्याची मोटर उघडून बसली होती. "यांचा नेमच तसा," वहिनी म्हणाल्या, "एकट्यालाच येतं असं काम घरात ठेवलं नाय." मला राहवलं नाही.

"वहिनी, ती यादी मी केली होती."

"व्हय. मोठ्या साहेबानं त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांला."

"मग मला कधी विचारलं का नाही?"

वहिनींनी पदरानं कपाची कड पुसली आणि चहा माझ्यापुढं सरकवला.

"मी बी म्हनलं व्हतं, इचारा. तर म्हनले, कशाला... साहेबाला परत खोटं बोलावं लागंल."