टेकाड वस्तीचे ऊर्जामंत्री

नाव : श्री. गोरक्ष कुंडलिक मोटे. पद : मंत्री, ऊर्जा, पर्यावरण व वातावरणीय बदल. मतदारसंघ : लागू नाही. शपथविधी : वेळेअभावी घेण्यात आला नाही. मूळ व्यवसाय : बाह्यस्रोत तंत्रज्ञ, म्हणजे कंत्राटी वायरमन. कार्यकाळ : एका दुपारी, चहा होईपर्यंत. कार्यकाळात सभागृहाला दिलेली आश्वासने : एक. त्यांपैकी मुदतीत पूर्ण झालेली : एक. सदर मंत्रीमहोदयांची ही कामगिरी शंभर टक्के ठरत असून तिची नोंद घेण्यात आली आहे. निवासस्थान : टेकाड वस्ती, काष्टीच्या पलीकडे. निवासस्थानी वीजजोडणी : आहे.

वीजजोडणी आहे हे खरंच. तारा आहेत, खांब आहेत, मीटरही आहे. फक्त वस्तीची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, पौषात जळाली, तेव्हापासून त्या तारांवर पाखरं निवांत बसतात. गोरक्ष रोज सकाळी कामावर निघाला की अख्खी वस्ती आपापले मोबाईल त्याच्या पिशवीत टाकते. सबस्टेशनवर चार्ज करून संध्याकाळी ते परत आणायचे, हे काम त्याच्या नेमणुकीच्या आदेशात नाही. बोअरची मोटर बंद, म्हणून पाणी हापशावरून. त्याची आई छबूबाई सत्तरीची आहे, आणि कळशी कमरेवर घेतल्यावर ती काही बोलत नाही.

बोलायला शेजारपाजार होताच. गोरक्षची मोटरसायकल दिसली की कुणीतरी हटकून विचारायचं, "लाईट कवा यील वो? वळखीचा एकांदा वायरमन आसंल तर इचारा की." गोरक्ष हसायचा, कारण दुसरं काय करणार. साहेबांनी, म्हणजे वीज कार्यालयातल्या त्याच्या इंजिनिअरनं, त्याला सांगून ठेवलं होतं की मंगळवारी एक डीपी दुरुस्त होऊन येतेय आणि नंबर टेकाड वस्तीचाच आहे. गोरक्षनं हे आईला सांगितलं. आईनं विचारलं, "ह्या मंगळवारी का कुठल्याबी?" ह्याच, असं तो म्हणाला. त्यानंतर त्याच्या डोक्यात दुसरा वार शिरायला तयार नव्हता.

डीपी एकच येणार होती, आणि वाट बघणाऱ्या वस्त्या दोन होत्या. ओढ्याच्या वस्तीची डीपी नंतर उडाली. तिथं गोजरबाईंची लिंबोणीची बाग. झाडं फुलोऱ्यात, विहिरीत पाणी, आणि मोटर मुकी. गोजरबाई रोज रस्त्याच्या कडेला उभ्या राहून गोरक्षला अडवत आणि त्यांच्या झाडांची तब्येत ऐकवत. तो मान डोलवायचा. तुमचा नंबर दुसरा आहे आणि पहिला माझ्याच घरचा आहे, हे वाक्य त्यानं मनात पुष्कळदा जुळवलं होतं. पण कसंही जुळवलं तरी ते चोरीच्या कबुलीसारखं वाटायचं.

अशात मार्चच्या तोंडावर गावात शहरातल्या एका कॉलेजचं शिबिर आलं. मुलांनी सकाळी चर खणले, दुपारी व्याख्यानं ऐकली, आणि एका दुपारी त्यांचे राज्यशास्त्राचे सुश्रुत सर म्हणाले की आज शाळेच्या पटांगणात अभिरूप विधानसभा भरवायची. अभिरूप म्हणजे काय, असं सरपंचांनी विचारलं. सर म्हणाले, विधानसभा खोटी, नियम खरे. सरपंचांना खऱ्या विधानसभेबद्दल याच्या उलट ऐकून माहीत होतं, पण पाहुण्यांपुढे ते बोलले नाहीत.

गोरक्ष तिथं गेला तो माईकला तात्पुरती वायर जोडून द्यायला. जोडून झाली, तो निघाला, आणि त्याच वेळी ऊर्जामंत्री होणार असलेला मुलगा ऊन लागून शाळेच्या व्हरांड्यात आडवा झाल्याची बातमी आली. सरांची नजर गोरक्षच्या खिशातल्या पकडीवर गेली. त्यांच्या मते यापेक्षा योग्य माणूस मिळणं शक्य नव्हतं. स्वतःचं जॅकेट काढून त्यांनी त्याच्या अंगावर चढवलं. ते पोटावर मिटेना, तेव्हा मंत्र्यांचं मिटतच नसतं असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. मग खालच्या आवाजात नियम सांगितले. विचारलेली गोष्ट खरी असेल तर "हे खरे आहे" म्हणायचं. खरी असून म्हणता येत नसेल तर "हे अंशतः खरे आहे". काहीच माहीत नसेल तर "माहिती घेण्यात येत आहे". बाकी उत्तरं चिठ्ठ्यांवर लिहिलेली आहेत, ती वाचायची.

गोरक्षला एवढंच कळेना, की हे सगळं तो कोण म्हणून म्हणणार आहे. त्यानं तसं विचारलंही. सर म्हणाले, "शासन म्हणून."

ईरा नावाची चष्मेवाली मुलगी अध्यक्ष होती. हातोडी म्हणून तिच्याकडे शिबिरातल्या कुदळीचा दांडा होता. तिनं तो आपटला आणि पहिला प्रश्न पुकारला. राज्यातील वाढते तापमान व अवकाळी पाऊस यांमुळे फळबागांचे नुकसान होत आहे, हे खरे आहे काय; असल्यास शासनाने कोणती उपाययोजना केली आहे. गोरक्षनं चिठ्ठी उलगडली आणि वाचली, की देशाने सन दोन हजार सत्तरपर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले असून राज्य त्या दिशेने वाटचाल करीत आहे. विद्यार्थ्यांनी बाकं वाजवली. गावकऱ्यांना बाकं नव्हती, त्यांनी मांड्या वाजवल्या.

दुसरा प्रश्न सौरऊर्जेचा होता, आणि त्याचं उत्तर चालू असतानाच वीज गेली. माईक बंद, पंखा बंद. सगळ्या माना गोरक्षकडे वळल्या. तोही सवयीनं उठला, पकडीला हात घातला आणि खांबाकडे चालू लागला. ईरानं दांडा आपटला. "मंत्रीमहोदय, कामकाज चालू असताना आपल्याला सभागृह सोडता येणार नाही." तो थबकला. खांब पटांगणाच्या कडेला दिसत होता. डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, पडला असणार, हेही दिसत होतं. वायरमन म्हणून जायला हवं होतं, मंत्री म्हणून बसायला हवं होतं. तो थोडा वेळ दोन्हींच्या मध्ये उभा राहिला आणि मग बसला, कारण जॅकेट अंगात होतं.

तेवढ्यात गोजरबाई उठल्या. सभासद नसलेल्यांना बोलता येत नाही, असं एक विद्यार्थी म्हणाला. ईरानं उपप्रश्न म्हणून परवानगी दिली.

"दोन हजार सत्तरचं ऱ्हाऊ द्या," गोजरबाई म्हणाल्या. "तवर मीबी शून्यच व्हनार हाय. आमच्या वढ्याच्या वस्तीची डीपी कवा बसवता तेवडं सांगा."

चिठ्ठी नव्हती. गोरक्षनं सरांकडे पाहिलं, सरांनी आभाळाकडे पाहिलं. माहिती घेण्यात येत आहे, असं तो म्हणाला. गोजरबाई म्हणाल्या की माहिती तर तो रोज त्यांच्या दारावरून घेऊन जातो. लोक हसले. मग हे अंशतः खरे आहे, असं तो म्हणाला. डीपी अंशतः जळत नसते, ती पुरी जळालीय, असं गोजरबाईंनी सभागृहाच्या निदर्शनास आणून दिलं. विरोधी बाकांवरची पोरं "तारीख, तारीख" करू लागली. ईरा दांडा उगारून म्हणाली, "मंत्रीमहोदय, सभागृहाला निश्चित दिवस हवा आहे."

गोरक्षच्या डोक्यात दिवस एकच होता. तो तोंडातून गेला.

"मंगळवार."

बाकं, मांड्या, ताटं, जे हाती लागेल ते वाजलं. गोजरबाईंनी भर सभागृहात मंत्र्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. चहा आला, विधानसभा उठली, गोरक्षनं जॅकेट परत केलं आणि आधी डीओ टाकला. घरी जाताना त्याला वाटत होतं की काहीतरी चुकलंय. पण खोट्या मंत्र्यानं खोट्या सभागृहात दिलेला शब्द नक्की कुणाचा असतो, हे त्याला ठरवता येईना. उद्या गोजरबाईंना गाठून समजावू, असं म्हणून तो झोपला. दुसऱ्या दिवशी गोजरबाईंनी त्याला पहिल्यांदाच अडवलं नाही. लांबूनच हात हलवला. अडवलं असतं तर सांगता आलं असतं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. उद्या येणारी डीपी ओढ्याच्या वस्तीवर चढवायची.

टेकाडचा नंबर होता, असं गोरक्ष म्हणाला.

"होता. ऊर्जामंत्र्यांनी सभागृहात शब्द दिलाय. आश्वासन समितीचा फोन होता, अंमलबजावणीचं विचारत होते. अधिवेशन चालू आहे, मला मुंबईला जाऊन उभं राहायचं नाहीये."

क्षणभर त्याला वाटलं की मुंबईच्या खऱ्या मंत्र्यानंही तेच सांगितलं असेल. मंगळवार तिकडंही असतोच. मग त्यानं सगळं पुन्हा मनात लावून पाहिलं, घसा खाकरला आणि खरं ते सांगितलं.

"साहेब, त्यो शब्द मीच दिलता. मंत्री मी हुतो."

साहेबांनी फाईलमधून मान वर केली. "कधी?"

"गुरवारी. शाळंत."

साहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बऱ्याच मायेनं म्हणाले, "गोरक्ष, उन्हात काम करतोस. टोपी घालत जा."

अजून बोलावं तर साहेब फोन फिरवतील, मग त्यांना कळेल, मग त्यांचं हसं होईल. आणि ज्याच्यामुळं साहेबाचं हसं झालं, त्या कंत्राटी माणसाचं कंत्राट पुढं चालत नाही. आणि फोन फिरवून झाल्यावर गोजरबाईंना काय सांगायचं? गोरक्षनं याची बेरीज करून पाहिली. दर वेळी वेगळी आली.

मंगळवारी ट्रॅक्टरवरून डीपी आली. गोरक्षनं सबस्टेशनला फोन लावून लाईन बंद करून घेतली, खांबावर चढला आणि स्वतःच्या हातानं जम्परच्या तारा जोडल्या. खाली निम्मं गाव जमलं होतं. शिबिराचा शेवटचा दिवस म्हणून ईराही मोबाईलवर चित्रण करत उभी होती. तो उतरल्यावर तिनं आनंदानं सांगितलं, की अभिरूप विधानसभेच्या आश्वासन समितीची प्रमुख म्हणून ऑफिसला तिनंच फोन केला होता. शिबिरातून बोलतेय असंही पुढं सांगितलं होतं, पण तोवर ऑफिसातले साहेब नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होते. "काका, लोकशाही चालते," ती म्हणाली. गोरक्ष म्हणाला, "अंशतः."

मोटर सुरू झाली. पाईपातून आधी हवा आली, मग लालसर पाणी, मग पाणी. गोजरबाईंनी ते कपाळाला लावलं आणि गोरक्षच्या पिशवीत, चार्ज झालेल्या मोबाईलांवर, ओंजळ ओंजळ लिंबं ओतली. पाणी झाडांच्या आळ्यांत शिरताना त्याला बरं वाटलं, हेही खरं. बरं वाटल्याचा राग आला, तेही.

टेकाडावर छबूबाई दारातच बसली होती. मंगळवार असल्यामुळं तिनं कळशी भरून आणली नव्हती. गोरक्षनं पिशवी ठेवली आणि डीपी ओढ्याला गेल्याचं सांगितलं. तिनं एक लिंबू उचलून हुंगलं.

"कुनी फिरीवली?"

"मंत्र्यानं."

"त्याच्याबी घरात आसाच अंधार पडू दे म्हनावं," छबूबाई म्हणाली आणि कळशी घेऊन उठली.

"पडलाय, आये," गोरक्ष म्हणाला आणि तिच्या हातातून कळशी घेतली.

सदर आश्वासनाची विहित मुदतीत पूर्तता झाली असल्याने हा विषय निकाली काढण्यात आला आहे. टेकाड वस्तीचे मोबाईल अजून सबस्टेशनवर चार्ज होतात.