विलायती उंदरीण माहेरी गेली

आमच्या वाडीतला पहिला पदवीधर मी. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. प्राणिशास्त्र घेऊन बी.एससी. झालो आणि थंडीच्या दिवसांत बोटीनं दासगावला, तिथून महाडला आणि महाडहून वाडीवर आलो, तर घराला बाहेरून कडी. वडील मुंबईला गिरणीत होते. आई मात्र घर सोडून कुठं जायची नाही. शेजारची काकू अंगणात तांदूळ पाखडत होती. ती सुपातून मान वर न काढता म्हणाली,

"तुझी आय उमरठला गेली, ताईकडं. उंदरीण घेऊन गेली. पयलटकरीण हाय ना रे ती, तिला माहेरी नको न्यायला?"

ही उंदरीण म्हणजे गिनीपिगची मादी. माझे मेहुणे मुंबईत एका प्रयोगशाळेत जनावरांना चारापाणी करायचे. त्यांनी शिमग्याला येताना करंडीतून एक पिल्लू उमरठला आणलं. शेपूट नाही, अंगावर तपकिरी-पांढरे ठिपके, आणि गवत घेऊन कुणी येतंय असं कळलं की शीळ घालायची. गावानं तिला विलायती उंदरीण ठरवून टाकली. ताईनं तिला वाढवलं. मग आईचा जीव जडला आणि ती आमच्याकडं आली. पुढं गणपतीत मेहुण्यांनी नर आणून सोडला, आणि आता ती गाभण होती. ताईचं घर ते तिचं माहेर, असा आईचा सरळ हिशेब.

मी हसलो, पण पुरतं हसू आलं नाही. आईचं स्वतःचं माहेर दासगावला. पहिल्या बाळंतपणाला तिचे वडील तिला न्यायला यायचे होते, ते आले नाहीत. ती आमच्याच घरी अडली आणि मूल मेलेलं जन्मलं. माहेरी असते तर पोर जगलं असतं, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून तिनं दासगावात पाऊल टाकलं नव्हतं. आजोबा वारले तेव्हासुद्धा नाही. मामा मला दर खेपेला धक्क्यावर गाठून विचारायचा, बाय कशी हाय? त्याही दिवशी विचारलं होतं. आपल्यासारखं या मुक्या जिवाचं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं असणार.

माझं हसू अडलं त्याला दुसरंही कारण होतं. गिनीपिगच्या मादीच्या कमरेची हाडं पुढच्या बाजूला कूर्चेनं जोडलेली असतात. पहिलं वेत लहान वयात झालं तर तो सांधा सैल पडतो आणि वेताच्या वेळी बोट जाईल इतका उघडतो. वय वाढलं की तो घट्ट होत जातो. ही तर बरेच महिने एकटीच होती. त्यात पिल्लं जन्मतात ती भलती मोठी, केसाळ, डोळे उघडे, तोंडात दात. हाड उघडलं नाही तर आईही जाते आणि पिल्लंही. शिवाय दिवस भरत आलेली मादी घाबरली की खाणं सोडते आणि वेण्याआधीच मरते. आणि आईनं तिला टोपलीत घालून मोटारीतून, मग डोंगरातून हिंदकळत नेली होती!

ट्रंक मी काकूच्या ओट्यावर ठेवली आणि तसाच मागं वळलो. महाडला पोलादपूरची मोटार मिळाली, पुढं पायी. खरं सांगतो, काळजीपेक्षा उत्साह जास्त होता. इतकी वर्षं जे शिकलो ते पहिल्यांदाच घरात कुणाच्या तरी कामाला येणार होतं. चढ कधी संपला ते कळलं नाही.

उमरठला पडवीत टोपलीच्या अल्याड आई आणि पल्याड ताई बसली होती. उंदरिणीची ओटी भरलेली होती, तांदूळ, नारळ आणि खण. तिनं खणाची कड कुरतडली होती, तांदळाला तोंड लावलं नव्हतं. कालपासून काही खाल्लं नाही म्हणाल्या. मी ताईला ओढ्याकाठची हिरवी हरळी आणायला पिटाळलं, मादीला मांडीवर घेतलं आणि एकेक काडी तिच्या तोंडाशी धरत बसलो. कितीतरी वेळ ती ढिम्म. मग एक काडी ओढली, मग दुसरी. कुरकुर चावण्याचा आवाज आला आणि आईनं पदरानं डोळे पुसले.

मग मी बोटानं हाड चाचपलं. फट होती, पण पुरी नाही. ते बघून ताई म्हणाली, "कालेजात हे शिकवतात काय रे? आमी म्हटलं सायेब होऊन येशील, तू सुईण होऊन आलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. ती अंग आकसून बसायची, डोकं पोटाखाली घालून जोर करायची, किंचाळायची, आणि काही बाहेर येत नव्हतं. आईनं तिला खांद्याशी धरलं. मी करंगळीला खोबरेल लावलं. डोकं लागलं, हाडाखाली अडकलेलं. ती जोर करेल तेवढ्यापुरतंच ओढायचं, ती थांबली की थांबायचं. आई तिच्या कानाशी पुटपुटत होती, "दम धर गो बाय, माहेरी हायेस."

पिल्लू आलं. अंगभर केस, नखंसुद्धा पुरी. मेलेलं होतं.

कुणी काही बोलायच्या आत दुसरं सटकन बाहेर आलं, आणि त्याच्या पाठोपाठ तिसरं! मादीनं अंगावरची पिशवी फाडली, चाटलं, आणि पिल्लांनी कान झाडले. डोळे टक्क उघडे. जरा वेळानं त्यांतलं एक धडपडत उठलं आणि जात्यामागं पळालं. ताईनं हाका मारून आळीतल्या बायका गोळा केल्या. आज जन्मलेलं पोर आजच पळतं आणि हरळी कुरतडतं, यावर कुणाचा विश्वास बसेना. एक म्हातारी मला विचारत होती, मुंबईत माणसांची पोरंही अशीच होतात काय. पडवीत नुसता कल्ला.

आई त्यात नव्हती. मेलेलं पिल्लू तळहातावर घेऊन ती बसली होती. म्हणाली, "माहेरी आणली, तरी पयला गेलाच."

"आई, हाड पुरतं उघडलं नाही. घर कुठलं त्याला काय करणार?"

"माझं पण असंच झालं असंल?"

आमच्या घरात माझ्या शिक्षणाला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न. खोटं सांगून धीर द्यायचं मनात आलं, पण नाही दिला. म्हटलं, बाईचं हाड असं नसतं, पण मूल अडतं, आडवं येतं, मान अडकते. मी तिथं नव्हतो, नेमकं काय झालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण ते कुठल्याही घरी होऊ शकतं.

"म्हंजे माझा बाबा न्यायला आला असता, तरी?"

"तरी झालं असतं, असंही असेल."

ती बराच वेळ पिल्लाच्या अंगावरून बोट फिरवत राहिली. मग उठून परसात गेली आणि स्वतःच्या हातानं त्याला पुरून आली.

बाळंतीण सव्वा महिना माहेरीच राहील, असा हुकूम सोडून आई माझ्याबरोबर निघाली. वाटभर ती त्या दोन पिल्लांबद्दलच बोलत होती, कुणाचा रंग कुणावर गेला, जात्यामागं कोण पळालं. महाडला मोटारीतून उतरल्यावर मी वाडीच्या वाटेला लागलो, तर ती मागंच उभी.

"दासगावची होडी कधी सुटंल रे?"

तिचा हात धरून मी नदीकाठाकडं जवळजवळ पळतच निघालो. होडी दासगावाशी वळली तेव्हा मामा धक्क्यावरच होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि धोतर न सावरताच तो पाण्यात शिरला.

"पाय नको भिजवू," आई होडीतून म्हणाली, "येतेच हाय मी."

तो थांबला नाही.