दुपटेमावशी आणि वाळूचं बाळ

“ज्याला अजून मान धरता येत नाही त्याला बूट कशाला?”

“मला आवडले म्हणून.”

“आवडायला काय, मलाही आवडतात. दुकानात काचेआड ठेवलेत ना, तिथेच बरे दिसतात. पहिले काही महिने पायमोजे पुरतात. त्यातलाही एक रोज हरवतो.”

“आई, ते बूट खाली ठेव.”

“आणि ही उशी. अगं, तान्ह्याच्या पाळण्यात उशी ठेवतात का? उशी नको, मऊ खेळणी नकोत, पांघरुणांचा ढीग नको. टणक गादी, रिकामा पाळणा, आणि बाळ पाठीवर. शंभरदा सांगून झालंय.”

“मला नाही सांगितलंस. दुकानात सांगितलंस.”

“तेच ते.”

“तेच ते नाही, आई.”

जावई स्वयंपाकघराच्या दारात दुधाची बाटली घासायचा ब्रश घेऊन उभे होते. सासू आणि बायको भांडत असताना आत जावं की बाहेर यावं, हे कुठल्या जावयाला आजवर कळलंय? ते ब्रशसकट तिथेच थिजले. फरशीवर पाणी ठिबकत राहिलं.

बूट टेबलावर गेले. बाळ आजीच्या हातांवर जागं होतं, शांत होतं. या घरात तेवढं एकच माणूस शांत होतं.

या आजीला बाजारात सगळे दुपटेमावशी म्हणतात. नवीन गिऱ्हाइकांना ते आडनाव वाटतं. कुणीकुणी तर मावशींना चिठ्ठीवर ‘श्रीमती दुपटे’ असं लिहून दिलंय आणि मावशींनीही ते कधी खोडलेलं नाही. लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी रांगत होती. त्या मुलीला मूल व्हायची वेळ आली तरी मावशी त्याच काउंटरमागे, त्याच पंख्याखाली.

दुकानात नवरा-बायको येतात ते घाबरलेले असतात. बायकोचं पोट पुढे, नवऱ्याच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलेली लांबलचक यादी. मावशी ती यादी बघतही नाहीत.

“नवजात मापाचे कपडे किती घेऊ?”

“मोजकेच. तुमचं बाळ काही तुमच्या खरेदीसाठी वाढायचं थांबणार नाही.”

“बटणांचे की चेनचे?”

“बटणं हौसेची वाटतात. रडणाऱ्या पोराच्या पायाजवळ ती ओळीने लावून बघा, मग माझ्याकडे या. दुपटी मात्र भरपूर घ्या. अंगाखाली, खांद्यावर, तोंड पुसायला, ऊन अडवायला. दुपटं वाया जात नाही. आणि सगळे कपडे एकदा धुऊन ठेवा, कोरे घालू नका.”

मग त्या नवऱ्याकडे वळतात.

“तुम्ही काय घेतलंत?”

“मी? मला काय लागणार?”

“पाण्याची मोठी बाटली लागणार. ही दूध पाजायला बसली की हिला तहान लागते आणि तेव्हाच हिला उठता येत नाही. ती बाटली भरलेली ठेवणं हे तुमचं काम. आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं. पंजा बघू नका, पंज्याला सगळ्याची सवय झालेली असते, तो खोटं बोलतो.”

दुकानाचे मालक गल्ल्यावरून कण्हतात, “मावशी, तुम्ही विकायला उभ्या आहात की लोकांना परत पाठवायला?” पण तेच नवरा-बायको पुढे बाळाला कडेवर घेऊन येतात, आणि येताना आणखी दोघांना घेऊन येतात. म्हणून मालक कण्हण्यापलीकडे जात नाहीत.

आणि ठोंब्या आहे. ठोंब्या म्हणजे कापडाचं बाळ, पोटात वाळू. मावशींनीच शिवलंय. खऱ्या तान्ह्याएवढं जड आणि मान मुद्दाम सैल ठेवलेली. बेसावध उचललं की मुंडकं मागे लटकतं, होणाऱ्या बापाच्या तोंडून “अरे देवा” निघतं आणि मावशी गालात हसतात. मग त्या ठोंब्याला हातांवर घेतात, गिऱ्हाइकाकडे कलता, चेहरा बाहेर.

“आता बघा हं, एक हात इथे, मानेखाली. दुसरा बुडाखाली. घाबरू नका. सगळ्यांना जमतं. काय रे राजा, जमेल ना यांना?”

ठोंब्याला असं बाहेर तोंड करून धरलं तरच मानेखालचा हात समोरच्याला दिसतो. स्वतःकडे वळवला तर शिकणार कोण? तेव्हा मावशींचे हात तसेच वळले ते वळले.

ठोंब्याचं झबलं मळलं की सुट्टीच्या दिवशी घरी नेऊन त्या धुतात. घर म्हणजे एक खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. “घरी बोलायला कुणी नाही म्हणून दुकानात बोलून घेते,” असं मावशी थट्टेत सांगतात. लोक हसतात. त्या खोलीत एक लाकडी कपाट आहे, त्याचा खण मावशी अजूनही बोटांनी अडवत हळूच लावतात, आवाज होऊ नये म्हणून. खोलीत झोपलेलं कुणी नसतं.

दिवस भरत आले तेव्हा मुलीचा फोन आला.

“आई, बाळ झालं की तू इकडेच ये. राहायलाच ये. कायमची.”

“काय म्हणालीस? ऐकू आलं नाही, परत सांग.”

ऐकू नीट आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना नोकरी सोडते म्हणून सांगून टाकलं. मालक म्हणाले, “आणि ठोंब्याकडे कोण बघणार?”

“तो रडत नाही. कुणीही बघेल.”

बाळ घरी आलं त्या दिवशी मावशी बॅग घेऊन मुलीकडे पोचल्या. आणि कामाला उणं काढायला जागा ठेवली नाही. बाळाचे कपडे बदलायच्या जागेशी सगळं सामान हाताच्या टप्प्यात लावलं, म्हणजे बाळाला उंचावर सोडून कुणाला वळायला नको. नखं त्या बाळ झोपेत असतानाच कापत. बाळ झोपलं की मुलीला दटावून झोपवत, “भांडी कुठे पळून जात नाहीत.” जावयांना पाण्याची बाटली भरायची शिस्त लागली. बाळ अंग धरायला लागलं. मुलगी मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली, आणि आज बुटांवरून बोलती झाली.

“बूट राहू देत,” मुलगी म्हणाली. “मला दुसरंच विचारायचंय. तू त्याला असं का धरतेस?”

“कसं?”

“तसंच. आत्ता धरलंयस तसं.”

मावशींनी खाली पाहिलं. हात मानेखाली, हात बुडाखाली. अगदी बरोबर.

“यात काय चुकलं?”

“चुकलं काहीच नाही गं. तुझं कधीच काही चुकत नाही. तो मला दिसतोय, ह्यांना दिसतोय, शेजारीण आली तर तिला दिसतो. तुला दिसत नाही.”

“आई थकल्यात,” जावई दारातून म्हणाले. “चहा टाकू का?”

“तुम्ही आधी तो ब्रश ठेवा,” मुलगी म्हणाली. मग आवाज खाली आणून, “काल दुपारी तू त्याला घेऊन खिडकीशी उभी होतीस. खोलीत कुणी नव्हतं. तू बोलत होतीस. मला वाटलं, त्याच्याशी बोलतेय. म्हटलं ऐकू या, आजी नातवाला काय सांगते. आणि तू म्हणत होतीस, ‘घाबरू नका. सगळ्यांना जमतं.’ कुणाला सांगत होतीस, आई?”

मावशी थोडं हसल्या. “सवय गं. तोंडाला सवय.”

“मी शाळेतून आले की दुकानात स्टुलावर बसायचे. आठवतंय? ठोंब्याला तू राजा म्हणायचीस. मला म्हणायचीस, हात धू.”

“हात मळलेले असायचे तुझे.”

“असायचे.”

बाळाने जांभई दिली, तीही बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी.

“मला शिकवणारी बाई नकोय आई,” मुलगी म्हणाली. “तेवढं आम्ही चुकतमाकत शिकू. मी तुला बोलावलं ते त्याला आजी असावी म्हणून. मला आई असावी म्हणून. एकदा नुसतं धर त्याला. आम्हाला दाखवू नकोस. आम्ही इथे नाही असं समज.”

आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. जावयांनीही घाईघाईने पाठ फिरवली.

मावशींनी बाळाला स्वतःकडे वळवलं. वजन तेच होतं, पण वाळू ज्या जागी ठेवाल त्या जागी बसते, आणि हे सरकत होतं, चढत होतं, त्यांच्या गळ्याशी नाक खुपसून काहीतरी शोधत होतं. कानाखाली गरम श्वास लागला. त्यांना बाळाचा चेहरा दिसेना. मान वाकडी करून पाहिलं तर दिसला, अगदी जवळ, आणि तो त्यांच्याकडे बघत होता. बाकी कुणी बघत नव्हतं. एक हात मानेखाली होता, दुसरा बुडाखाली, आणि आता पुढे काय करायचं असतं ते त्यांना आठवेना. काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी ओठ उघडले.

“आता बघा हं,” त्या म्हणाल्या.

भिंतीकडे तोंड केलेल्या मुलीचे खांदे खाली आले. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मावशींना त्याचंच जास्त लागलं.

त्यांनी बाळाला तिच्या हातात दिलं. मान सांभाळून, नीट. मग पलंगाखालून बॅग ओढली. इतक्या दिवसांत तिच्यातून दोन साड्याच काय त्या बाहेर आल्या होत्या. त्या घड्या घालून आत गेल्या. टेबलावरचे छोटे बूट त्यांनी उचलले, एकमेकांशेजारी टाचा जुळवून परत ठेवले.

“आई, मी जा म्हटलं नाही,” मुलगी म्हणाली. “मी असं कुठे म्हटलं? आई. बस ना जरा.”

“बस मिळायची नाही आत्ता, मी सोडतो तुम्हाला,” जावई म्हणाले. ब्रश अजून हातातच होता.

मावशींनी चपला घातल्या.

“उद्या येशील ना?” मुलीने विचारलं. “आई? उद्या?”

दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी बाबागाडी उभी होती, ब्रेक न लावता. मावशींनी जाताजाता पायाने ब्रेक खाली दाबला, गाडीला एक हिसका देऊन ती हलत नाही ना ते पाहिलं, आणि जिना उतरायला लागल्या.