उन्हाची फुशारकी आणि इंजिनरूम

आमच्या पांढुर्ण्याचा माणूस घर सोडून निघाला तर फार तर फार नागपूरला नोकरीला लागायचा. माझा मोठा भाऊ निघाला तो थेट मालवाहू जहाजावर, इंजिनरूममध्ये. पहिली फेरी करून तो मे महिन्यात घरी आला, तेव्हा अख्खी गल्ली त्याला बघायला लोटली. बाबूजी शाळेत मास्तर. त्यांनी शेजारच्या खुर्च्या मागून आणल्या. आईने कैरीचं पन्हं करून करून हात दुखवून घेतले. लोक यायचे, पन्हं प्यायचे, दादाकडे डोळे भरून पाहायचे आणि एकच विचारायचे, "समुद्र केवढा असते जी?"

त्याला झोप लागते का, तो नीट जेवतो का, हे एकानेही विचारलं नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायचे. दारूभट्टीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नळाला पाणी न सोडणाऱ्या नगरपालिकेविरुद्ध. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलवर कागद काढायचे, बाजाराच्या दिवशी वाटायचे. या कामाने मला एक सवय लावली. जे वाक्य वाचून माणसाला उद्या सकाळी काही करता येत नाही, ते खोडायचं. त्यामुळे दादाच्या भोवतीची ती वाहवा मला फार दिवस सहन होणार नव्हती.

शिवाय निमित्त होतं. मोहगावच्या मामाजींचा मुलगाही जहाजासाठी निवडला गेला होता आणि जूनमध्ये त्याला निघायचं होतं. मामाजींची कपाशी आणि संत्र्याचा बगीचा; घरात बोटीचं चित्रसुद्धा कुणी लावलेलं नाही. अशा घरातली आणखी पोरं अर्ज करत होती. त्यांच्यासाठी पत्रक काढायचं मी ठरवलं आणि एका दुपारी दादाला माहिती विचारायला बसवलं.

बाहेर लू, म्हणजे अंग भाजणारा दुपारचा वारा, वाहत होती. घरात पंखा गरम हवा ढवळत होता. बाबूजी बनियनवर, मी पदराने वारा घेतेय, आणि हा पठ्ठ्या मनगटापर्यंत बटणं लावून फुल बाह्यांच्या शर्टात.

"शर्ट काढ ना. घरात कोण पाहून राहिलं तुले?"

"राहू दे. तू लिही."

"काऊन राहू दे? घामाने थबथबला तू."

मी बाही वर ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुलाबी, आवळलेली, चकचकीत. बाबूजी डुलक्या घेत होते. दादाने बाही खाली केली आणि हळू आवाजात सांगायला लागला.

जहाज आखातात होतं. इंजिनरूममध्ये जुने लोक त्याला म्हणाले, पाणी पीत राहा, दर थोड्या वेळाने ब्लोअरच्या हवेखाली उभा राहा. याने त्यांना सांगितलं, आमच्या गावात मे महिन्यात रस्त्याचं डांबर पघळते, मले काय शिकवता? कानाला दुपट्टा बांधला, आपल्याकडे लू लागू नये म्हणून ठेवतात तसा खिशात कांदा ठेवला आणि सगळ्यांना दाखवायला म्हणून पाण्याला हात न लावता काम करत राहिला. आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो आणि वाळतो, अंग थोडं तरी निवतं. तिथली हवा ओली. घाम वाळत नाही, सावली नाही, आणि धग वरून येत नाही, चहूकडून येते. कांद्याला काय कळणार! याला चक्कर आली, आधाराला हात टाकला तो वाफेच्या नळावर, आणि हा खाली पडला. शुद्धीवर आल्यावर साहेबांना सांगितलं, तेलावरून पाय घसरला.

"खोटं काऊन सांगितलं?"

"म्हणतील, पोट्ट्यात दम नाही. घरी पाठवतील. मग बाबूजी गावात तोंड कसं दाखवतील?" आणि लगेच, "हे लिहू नको. कोणाला सांगूही नको."

मी कबूल केलं. पण माझं डोकं तापलं ते दादावर नाही. आमच्या मुलुखाला उन्हाची फार फुशारकी. भर दुपारी अनवाणी शेतात गेला, लू लागूनही खाटेवर पडला नाही, अशा माणसाच्या गोष्टी कौतुकाने सांगायच्या, आणि जो सावलीत बसला त्याला नाजूक म्हणायचं. हे सगळं पोराच्या ट्रंकेत भरून आपण त्याला समुद्रावर धाडतो. आणि वर म्हणतो, नाव काढ!

पत्रक तयार झालं. त्यात पुष्कळ होतं. करार दुसऱ्याने वाचला म्हणून सही करू नका, स्वतः वाचा, समजेपर्यंत विचारा. आपले कागद एजंटाकडे ठेवू नका. ड्यूटी संपली की पत्ते कुटत बसू नका, झोपा. झोप न झालेला माणूस यंत्रापाशी मरतो. पहिले दिवस उलट्या होतील, रडू येईल, दोन्हीची लाज नाही. जेवण बनवायला शिकून जा. एवढं सगळं लिहिलं, पण मुख्य गोष्ट नव्हती. ती दादाची होती.

मोहगावजवळच्या सौंसरच्या तरुण मंडळाने दादाचा सत्कार आणि मामेभावाला निरोप असा एकच कार्यक्रम ठेवला. हंगाम संपून बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, ऊन उतरल्यावर. सतरंज्या, माइक, शाल, नारळ. मामेभाऊ पहिल्या रांगेत, नव्या टेरिकॉटच्या पँटशर्टात, ओठावर कोवळं मिसरूड आणि त्यावर घाम. माइक आधी मामाजींनी घेतला.

"आमचा पोट्टा कापसात वाढला. भर उन्हात डवरणी केली त्यानं. त्याले काय इंजिन भाजते? मी ट्रंकेत कांदे भरून देऊन राहिलो, म्हटलं, साऱ्या जहाजाले वाट!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. मग दादा उठला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, काही अवघड नाही, हिंमत पाहिजे, आपल्या उन्हात वाढलेल्या पोराला इंजिनरूम म्हणजे आंब्याची सावली.

मामेभाऊ मान डोलवत होता. ते पाहिलं आणि मी उभी राहिले.

"एक प्रश्न आहे. इंजिनरूममध्ये माणूस चक्कर येऊन पडला तर काय करतात?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, तुम्ही चालल्या काय जहाजावर?" पुन्हा हशा.

"मी नाही चालले. हा समोर बसला आहे तो चालला आहे. त्याच्यासाठी विचारून राहिले. उत्तर पाहिजे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. दिलेला शब्द मी मोडला नव्हता. फक्त विचारलं होतं. ते त्याला कळलं. त्याने माइक खाली ठेवला, मनगटाचं बटण सोडलं आणि बाही कोपराच्या वर सरकवली.

"असं होते," तो म्हणाला. माइक नसूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

मग त्याने सगळं सांगितलं. कांदा, दुपट्टा, फुशारकी, वाफेचा नळ, तेलावरून घसरल्याची थाप. बाबूजी खुर्चीत ताठ बसले होते. मामाजी उठले.

"एवढं झालं अन् तू घरी बोलला नाही?"

"बोललो असतो तर तुम्ही काय म्हटलं असतं, मामाजी?"

मामाजींची नजर खाली ठेवलेल्या माइककडे गेली. आताच माइकवर काय बोलून बसलो, हे त्यांना आठवलं असावं.

दादा मामेभावाकडे वळला. "अन् हे टेरिकॉट घालून खाली उतरू नको. ठिणगी उडाली तर वितळून अंगाले चिकटते. कापूस पिकवणाऱ्याचा पोरगा ना तू? सुती घाल."

मामेभाऊ आधी शर्टाकडे पाहून ओशाळला. मग त्याने विचारायला सुरुवात केली, आणि त्याचे प्रश्न माझ्या पत्रकापेक्षा चांगले होते.

"चक्कर आली तर सांगायचं कोणाले, दादा?"

"सेकंड इंजिनीयरले. अन् चक्कर यायची वाट नाही पाहायची. डोकं ठणकलं, लघवी गडद झाली, मळमळलं, की काम तिथंच ठेवायचं, वर यायचं, सांगायचं. पाणी तर तहान लागायच्या आधीच प्यायचं."

"त्यानं ऐकलं नाही तर?"

"कॅप्टनकडे जायचं. मी गेलो नाही, म्हणून तुले सांगून राहिलो."

"अन् त्यानं घरी पाठवलं तर?"

हा प्रश्न त्याने दादाला विचारलाच नाही. बापाकडे पाहून विचारला. मी काही बोलणार होते. बाबूजींनी माझा हात दाबला. पहिल्यांदाच माझं बोलणं थांबवलं त्यांनी, आणि बरोबर थांबवलं.

मामाजी खाली बसले. दुपट्ट्याने तोंड पुसलं. म्हणाले, "पाठवलं तर ये. नागपूरहून गाडी धरायची, पांढुर्ण्याले उतरायचं. मी स्टेशनावर येतो घ्यायले."

"अन् लोक काही म्हणतीन?"

"लोकाइले मी पाहून घेईन. बाप मी आहो, का लोक आहेत?"

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. मंडळाच्या अध्यक्षाला आभार मानायचे होते, ते त्याने घाईघाईत मानले. घरी परतताना बसमध्ये उकडत होतं म्हणून दादाने दोन्ही बाह्या दुमडल्या आणि खिडकीत हात टेकून बसला. पुढच्या फेरीआधीच्या तपासणीत मी चक्कर येऊन पडलो होतो हे डॉक्टरला सांगेन, असं त्याने आपण होऊन बाबूजींना सांगितलं. आणि तसं केलं.

मामेभाऊ जूनमध्ये गेला. पावसाळा संपता संपता त्याचं पत्र मोहगावला आलं. खाली खूप गरम होतं, मळमळलं, सेकंड इंजिनीयरला सांगितलं, तो आधी रागावला, मग वर पाठवून दिलं, आराम दिला, आता ठीक आहो, असं लिहिलं होतं. मामाजींनी ते पत्र चौकात, पानठेल्यावर, कापसाच्या गाड्यांपाशी, भेटेल त्याला वाचून दाखवलं. मळमळल्याचं वाक्य आलं की आवाज चढवायचे आणि म्हणायचे, "पाहा, सांगितलं त्यानं! साहेब रागावला तरी सांगितलं!"