देवऱ्यांकडची शेवंड

गुरुवारी सकाळी पावणेसातला सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, लवकर या ना... हे उठत नाहीयेत." काय झालं, असं मी विचारलंच नाही. चपला पायात सरकवल्या आणि समोरच्या बिल्डिंगकडे धावलो. जिना चढताना डोक्यात एकच गोष्ट होती, की काल जेवताना मी गप्प बसलो. मोहन देवरे गेला त्याला आता पाच आठवडे झाले. लोक भेटतात, म्हणतात, किती हो अचानक! मी मान हलवतो. अचानक नव्हतं ते. मला दोन दिवस आधीपासून माहीत होतं.

ओझरच्या कारखान्यात आम्ही एकत्रच लागलो आणि एकत्रच निवृत्त झालो. मोहन टूलरूममध्ये आणि मी इन्स्पेक्शनला. म्हणजे त्याने बनवायचं आणि मी खोट काढायची. नापास मालाला लावायच्या माझ्या तांबड्या टॅगमुळे त्याने मला आयुष्यभर शिव्या घातल्या आणि रोज डब्यातली अर्धी भाकरीही दिली. तो सटाण्याकडचा. लहानपणी समुद्र पाहिलेला नाही, मासळी म्हणजे नदीची. आणि त्याच्या मुलीचं, कीर्तीचं, जमलं ते थेट मालवणच्या मुलाशी. पहिल्या भेटीत मुलाचे वडील हसत म्हणाले, "तुमच्याकडे मासे म्हणजे गोदावरीतलेच काय?" सगळे हसले, मोहनही हसला. पण मी ओळखतो ना त्याला... घरी येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "ह्यांना मी शेवंड खाऊ घालतो बघ." शेवंड म्हणजे लॉबस्टर, समुद्राकाठच्यांचीसुद्धा चैन.

पाहुणे बुधवारी यायचे ठरले. गुरुवारी अमावास्या, आणि वहिनींच्या घरात अमावास्येपासून थेट गणपती उठेपर्यंत मासळी-मटण बंद. वहिनी स्वतः खात नाहीत, पण इतर दिवशी आडकाठी करत नाहीत. हे दिवस मात्र त्या कोणासाठीही मोडत नाहीत. म्हणजे बुधवार हाच काय तो शेवटचा दिवस. मंगळवारी स्कूटरवर आम्ही मासळी आणायला निघालो. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. तिथे धुरात थांबलेलो असताना मोहनने खिशातून एक कागद काढून मागे माझ्या हातात दिला. सकाळीच कोणालाही न सांगता तो डॉक्टरांकडे जाऊन आला होता. कागदावर लिहिलं होतं, ईसीजीत दोष, आजच दाखल व्हा. मी म्हटलं, स्कूटर वळव. तो म्हणाला, "गुरुवारी जास ना भो. दोन दिवसमा काय व्हस?"

"व्याह्यांना सांगू, पुढच्या आठवड्यात या म्हणून."

"पुढच्या आठवड्यात काय वाढू त्यांना, भोपळ्याची भाजी?" आणि मग मान न वळवता, हळू आवाजात, "सुनंदाले सांगू नको. तुले माझी शपथ शे."

मी शपथ पाळली. तीस वर्षं इन्स्पेक्शनला केसाएवढा चरा न सोडणाऱ्या मी हे सोडलं. का, ते अजून सांगता येत नाही. त्याचा आनंद मोडवेना, हे खरंच आहे. पण मलाही ती शेवंड खायची होती, हेही तितकंच खरं, आणि ते लिहिताना लाज वाटते.

मासळीवाल्या सलीमभाईंनी बर्फातून शेवंडीच्या आठ शेपट्या काढून दिल्या. "रातभर फ्रिजमध्येच बर्फ सुटू द्या, साहेब. पाण्यात टाकू नका. आणि एकदा सुटल्या की परत बर्फात नाही जायच्या, लगेच करायच्या." मोहनने मान डोलावली. घरी गेल्या गेल्या सहा त्याने बर्फ सुटायला ठेवल्या, म्हणजे आता माघार नाहीच.

बुधवारी दुपारी गेलो तर ओट्याच्या वर भिंतीला कागद चिकटवलेला. कारखान्यात असायची तशी ऑपरेशन शीट! कवच कापणे, मांस वर घेणे, मसाला, ओव्हन, मिनिटं. पत्रा कापायची कात्री उकळून घेतलेली. शेपटीच्या पाठीवर मधोमध ती चालवायची, शेवटचा पंखा तेवढा सोडायचा, मग कवचाखाली बोट घालून मांस अलगद वर आणायचं आणि कवचावरच बसवायचं. काळी शीर काढून टाकायची. लोणी, लसूण, लिंबू, आणि चिमूटभर आमच्याकडचा काळा मसाला, तो मात्र हट्टाने. तिसऱ्या शेपटीला त्याचा हात थांबला. बाहेर भुरभुर पाऊस, हवा गार, आणि ह्याच्या कपाळावर घाम. कात्री माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, "तू काप." मोहनने आपलं हत्यार कधी कोणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी कापत राहिलो.

जेवायला आठ वाजता बसलो. शेपट्या ओव्हनमधून पांढऱ्याशुभ्र, कडेला जराशा तांबूस होऊन आल्या. पहिल्या घासानंतर व्याही थांबले आणि म्हणाले, "देवरेसाहेब, आमच्याकडेसुद्धा इतकी मऊ होत नाही हो." मोहनचा चेहरा काय फुलला होता! स्वतःची शेपटी त्याने कीर्तीच्या ताटात सरकवली. पंख्याखाली बसूनही त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. वहिनी वाढता वाढता थांबल्या. "बरं नाही का वाटत?"

"ओव्हनची धग आहे गं."

वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी ताटात लिंबू पिळलं. सकाळ झाली की मीच त्याला घेऊन जाणार होतो, दहा वाजताची वेळ ठरली होती...

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. फ्रीजरमध्ये उरलेल्या दोन शेपट्यांचं काय करायचं, त्यांना कळत नव्हतं. पिशवीवर मोहनच्या ड्रॉइंगमधल्यासारख्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, "शेवंड, नग २". आम्ही दोघंही ती पिशवी बघत उभे राहिलो. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला भीती वाटली होती, भाऊजी. पण तुमच्याकडे बघितलं, तुम्ही आपले लिंबू पिळत होतात. म्हटलं, भाऊजी निवांत जेवतायत म्हणजे काही नसेल." मी पिशवी परत फ्रीजरमध्ये ठेवली आणि घरी आलो.

म्हणून हे लिहिलं. छापायला पाठवायच्या आधी मी ते वहिनींसमोर बसून वाचणार आहे, द्वारकेच्या त्या कागदासकट. त्यांनी नको म्हटलं तर लिहिलेली ही पानं त्यांच्याच हातात देऊन येईन. हे तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर वहिनींनी ऐकून छापू दिलं, एवढंच समजा. माफ केलं असं समजू नका.