इमानवाले मामा

मामा दिवसभर मोबाईलवर ओरडत असायचे आणि फोन मात्र कुणालाच लावलेला नसायचा. लग्न होऊन या गावात आले त्याच आठवड्यात मी परसात भांडी घासत होते, तर शेजारच्या लिंबाखालून आवाज आला, "ए काळतोंडे, फीर माघारी! पाटलाच्या कापसात शिरायलीस व्हय? शिव्या कोन खाईल, तू का मी?" मला वाटलं, म्हातारा सुनेला बोलतोय. माझ्या सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "सून कुठली, मेंढीला बोलायलेत." मी भिंतीवरून डोकावले. बाजेवर कमरेपर्यंत घोंगडं घेतलेला एक माणूस होता. त्याच्या हातात रिमोट, रिमोटला अडकवलेला मोबाईल, आणि मोबाईलमध्ये वरून दिसणारा माळ. माळावर तीळतांदूळ सांडावेत तशी मेंढरं. ती होती टेकडीच्या पलीकडे. मामांचं ओरडणं त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं आणि हे मामांनाही ठाऊक होतं. "पर गप बसून कुनी मेंढरं राखतंय का?" ते म्हणायचे.

चारठाण्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. मामा हटकर धनगर. जन्म सगळा मेंढरांमागे चालण्यात गेलेला. एकदा कळप रस्ता ओलांडत असताना ट्रक आला. मामा कोकरं हाकायला मध्ये धावले आणि ट्रकने त्यांनाच उडवलं. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ते बाजेवर आणि गोदामामी काठी घेऊन माळावर. मूलबाळ एकच, लेक. ती देवगाव फाट्याला दिलेली. तिचा नवरा मस्कतला गाडी चालवायचा. बाहेरून असली यंत्रं आणायला अजून बंदी नव्हती तेव्हा, पोराच्या बारशाचं चित्रीकरण करायचं म्हणून त्याने तळहातावर मावेल एवढा ड्रोन आणला होता. तो घेऊन सासुरवाडीला आला आणि सहज म्हणाला, "मामा, तुमची मेंढरं दाखवू का?" मामांनी पडद्यावर आपला माळ पाहिला. आपल्या जागी आपली काठी घेऊन उभी असलेली बायको पाहिली. त्यांनी जावयाचा हात धरला तो सोडेचनात. जावई मस्कतला परत गेला, ड्रोन इथेच राहिला. विमान म्हणता येईना म्हणून मामा त्याला 'इमान' म्हणायचे, आणि गाव त्यांना इमानवाले.

दुपारी जेवायची त्यांची एक रीत होती. ऊन डोक्यावर आलं की इमान सोडायचं, मामी कुठल्या झाडाखाली बसली ते हुडकायचं आणि तिने भाकरीचं फडकं सोडलं की इकडे आपलं ताट ओढायचं. सकाळी मामी दुरडीत झाकून गेलेली भाकरी मीच वाढून द्यायची. तिने कांदा फोडला की हे फोडणार. तिला ठसका लागला की हे पाण्याचा तांब्या उचलून तसाच धरून बसणार. मी एकदा म्हटलं, "मामा, मामींना कुठं कळतंय?" तर म्हणाले, "तिला न्हाई कळत. मला कळतंय ना. पाय गेले त्या दिवसापून ती एकटी जेवायली हुती. आता आमी दोघं जेवताव."

मामी मात्र त्या यंत्राला मनापासून शिव्या द्यायची. "मेला भुंगा! सुखानं परसाकडला बी जाऊ देत न्हाई," असं संध्याकाळी आल्या आल्या सुरू. मामा शपथेवर सांगायचे की तशा वेळी मी तोंड फिरवतो. "तुमी फिरवता, भुंगा फिरवतो का?" ती विचारायची. पण एका दिवशी जोराचा वारा होता म्हणून इमान सोडलं नाही, तर ती मेंढरं वाड्यात कोंडायच्या आधी थेट बाजेपाशी आली. कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "बरं हाय ना तुमाला? आलं न्हाई आज ते."

मधे एक काळ असा आला की रात्री गावोगाव आकाशात दिवे दिसायला लागले. चोर ड्रोनने टेहळणी करतात, अशी आवई उठली. कुणी काही पाहिलं असेल, कुणी नसेल, पण माणसं काठ्या घेऊन जागायला लागली. अशात एका सकाळी दहाबारा जण मामांच्या दारात येऊन उभे राहिले. गावात ड्रोन असलेलं घर हे एकच. मामा काही बोलण्याआधी मामी पुढे झाली. तिने मामांच्या पायावरचं घोंगडं ओढून काढलं. काडीसारखे झालेले ते पाय सगळ्यांनी पाहिले. "चोरी करायला पाय लागतेत, बाबांनो," ती म्हणाली. माणसं मान खाली घालून गेली.

पहिल्यांदा अडलं ते बॅटरीपाशी. तीन होत्या, त्यातली एक मेली. माझ्या नवऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून आम्ही मामांना परभणीला नेलं. लग्नाच्या शूटिंगचं सामान मिळतं त्या दुकानात. दुकानदार बाहेर गाडीपाशी आला, बॅटरी हातात घेऊन म्हणाला, "काका, हे बाहेरच्या मुलखातलं. सरकारनं आणायचं बंद केलंय. आमचेच दोन पडून हायत पार्टसाठी."

"आपल्याकडं बनलेलं द्या मग."

"एवढं बारकं न्हाई माझ्याकडं. फवारणीचे मोठे येतेत. पर त्याला लायसन लागतंय. दहावी पास पायजे, वयाची बी अट हाय."

"कामून बंद केलं म्हनायचं?"

"देशाच्या सुरक्षेचा सवाल हाय, काका."

मामांनी बॅटरी परत मागून घेतली. मग म्हणाले, "देशाचं असंल तर बरोबरच असंल. पर माझ्या मेंढरांत कोन दुश्मन लपलाय, एवढं तरी येऊन बघायचं हुतं." परत येताना त्यांनी सगळ्या वाटेत ती मेलेली बॅटरी मुठीत धरून ठेवली होती.

नंतर सीमेवर तणाव झाला. टीव्हीवर दिवसरात्र तेच. जिल्ह्यात कुणीही ड्रोन उडवायचा नाही, असा हुकूम निघाला आणि पोलिस पाटील मामांकडे आले. भला माणूस. त्याला बोलवेना. चहा घेतला, पावसापाण्याचं विचारलं आणि शेवटी म्हणाला, "मामा, इमान जमा करायचंय."

मामा हसले. "इमान इकलेलं लय ऐकलं पाटील, जमा करायचं आजच ऐकायलोय." आणि स्वतःच्या हाताने डबी त्यांच्या हवाली केली. माझ्या नवऱ्याने विरोध करून पाहिला, तर त्यालाच दटावलं, "गावची दोन पोरं तिकडं बंदूक घेऊन हुबी हायत. आपन इथं खेळन्यासाठी भांडायचं का?" खेळणं हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. पाटील गेले तसं त्यांनी तोंडावर घोंगडं ओढून घेतलं. मामी आली तरी काढलं नाही.

ते दिवस वाईट होते. मामा ओरडायचे बंद झाले आणि आमच्या गल्लीला ती शांतता सोसवेना. दुपारी ताट नेलं की विचारायचे, "जेवली असंल का?" मी म्हणायची, "जेवल्या असतील." मग दोन घास खाऊन ताट सरकवायचे. जागच्या जागी पडून अंगाला जखमा झाल्या. मामी येऊन पुसायची, औषध लावायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची, कुठली मेंढी लंगडतेय, कुठं गवत फुटलंय. मामा ऐकून घ्यायचे. पण एकदा एकदम ओरडले, "सांगू नगंस! मला आंधळ्यावानी सांगू नगंस!" मामी उठून चुलीपाशी गेली आणि तिथं पाठमोरी बसून राहिली.

हुकूम उठला तेव्हा इमान परत मिळालं. पण इतके दिवस कपाटात पडून दोन्ही बॅटऱ्या फुगल्या होत्या. एक तर लागतच नव्हती. दुसरी कशीबशी लागायची, दिवा लाल व्हायचा, विझायचा. मोबाईलमधलं ॲपही नवं मागायचं आणि नवं उतरून घेता येत नव्हतं; जुनं कधी चालायचं, कधी नाही. जावई मस्कतहून फोनवर सांगायचा, "मामा, ती बॅटरी लावू नका, पेट घेईल." मामा रोज ती कापडाने पुसून ठेवायचे.

आणि मग तो दिवस. सकाळी ऊन होतं. मामी वरच्या माळाला जाते म्हणून गेली. दुपारनंतर डोंगरात ढग फुटला. गावात पाऊस थोडा, पण ओढ्याला बघता बघता पाणी आलं. पूल बुडाला. मामीचा फोन लागेना. सातआठ माणसं वरच्या माळाकडे धावली, ती तासाभराने परत आली. तिथं कुणी नव्हतं. मामा बाजेवरून सांगत होते, "ऊन लागलं की ती ओढ्यापल्याड टेकाडाला जाती. तिकडं बघा." पण पूल पाण्याखाली, तिकडे जायचं तर डोंगराला वळसा घालून. कुणी म्हणे ती वरच्या माळाच्या मागल्या दरीत असेल, कुणी म्हणे खालच्या वाडीत थांबली असेल. माणसं मोजकी. नक्की कुठे जायचं, हेच कळेना.

"इमान आना," मामा म्हणाले.

माझा नवरा म्हणाला, "मामा, ती बॅटरी फुटंल."

"फुटू दे माझ्या हातात! नुसतं लिंबाच्या वर जाऊ दे. टेकाड दिसतंय तिथून."

आम्ही लावली. इमान घरघरलं, उठलं, लिंबाच्या शेंड्यावर गेलं. पडद्यावर घरांचे पत्रे आले, मग भिजलेला वरचा माळ, रिकामा. मामांनी त्याला ओढ्याकडे वळवायला अंगठा दाबला. ते वळायला लागलं. आणि पडदा काळा झाला. फांद्यांतून आपटत ते अंगणात पडलं. मामांचा अंगठा दाबलेलाच होता. "वळ," ते म्हणत होते. "वळ ना. आरं वळ, माज्या बापा." मी रिमोट काढून घ्यायला गेले तर हात लाकडासारखे झालेले.

मग त्यांनी बाजेवरून अंग खाली टाकलं. चिखलातून कोपरांवर सरकत दाराच्या दिशेने निघाले. चार माणसांनी धरून आणलं. त्यांच्या त्या अवताराकडे बघून माणसांनी दुसरा विचार केला नाही आणि वळशाच्या वाटेला लागली.

मामी टेकाडालाच होती. मेंढरं सगळी वर उभी होती, एकही दगावलं नव्हतं. तिची घोंगडी दगडांवर ताणून बांधलेली होती आणि तिच्याखाली कोकरं कोरडी. मामी मात्र खाली ओढ्यात, बाभळीच्या काट्यांत अडकलेली सापडली. मागे राहिलेलं एखादं आणायला उतरली असावी. पलीकडच्या काठावरून एका बाईने तिला त्याआधी पाहिलं होतं. दहाव्याला ती बाई आली आणि रडत म्हणाली, "लय येळ बसली हुती हो. सारखी वर आभाळाकडं बघायली हुती." मी तिला खुणेने गप्प करायला गेले, पण मामांनी ऐकलं होतं.

'इमान चालू असतं तर' हे सगळं गाव म्हणालं. मामा एकदाही म्हणाले नाहीत.

पंचनाम्याच्या कामासाठी एक तरुण अधिकारी आला होता. बोलायला मऊ. कागद झाले तरी तो लगेच उठला नाही. मामांनी त्याला विचारलं, "सायेब, राग न्हाई. नुसतं समजून घ्यायचंय. त्या बारक्या यंत्रानं देशाला काय हुतं?"

त्याने नीट सांगितलं. "काका, हे यंत्र बाहेरच्या देशात बनतं. तुम्ही इथं जे बघता, ते तिकडं कुणाला दिसत असेल, साठवलं जात असेल, अशी भीती असते. आपले रस्ते, धरणं, छावण्या. म्हणून बाहेरचं नको."

मामा कोपरावर उठले. एवढ्या दिवसांत प्रथमच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"म्हंजी मी बघितलेलं समदं तिकडं असंल?"

"असेलच असं नाही. भीती आहे."

"सायेब, माझ्याकडं तिचा एक फोटू न्हाई. लगनातला हुता, तो भिजला. मी रोज बघायचो, म्हनून काढून ठिवायचं कधी सुचलं न्हाई. तिकडं असंल तर एक मागवता येतो का? भाकर खातानाचा असंल कुठला बी. त्यांना म्हनावं, बाकीचं ठिवा तुमाला."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या मातीकडे. "विचारून बघतो," एवढंच म्हणाला.

मेंढरं देऊन टाकली. लेक येऊन मामांना देवगाव फाट्याला घेऊन गेली. परवा मी त्यांना भेटायला गेले होते. फार खंगलेत. मला ओळखायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मला जवळ बसवलं, घरातलं कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "सूनबाई, त्या सायेबाचं काही आलं का?"

"अजून न्हाई, मामा," मी म्हटलं.

"येईल," ते म्हणाले. "लांबून यायचं म्हंजी येळ लागतोच."