जर्मन बोलणारा कंपायलर

"महाजन, शनिवारपर्यंत धागा तुटायचा थांबला नाही, तर सोमवारपासून येऊ नको," शेठ म्हणाले आणि नारळ फोडायला वळले.

सिल्वासाला नरोलीच्या रस्त्यावर आमचा कारखाना होता. सूत रिळावर गुंडाळायची मशिनं बनत. नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं. मशीन चालवणारा प्रोग्राम लिहायला आम्ही दोघं, मी आणि धुळ्याचा महाजन. तो प्रोबेशनवर होता. नरोलीत भाड्याची खोली घेऊन त्याने बायकोला नुकतंच आणलं होतं.

आता नारळाचं सांगते. आपण लिहिलेला प्रोग्राम कंपायलर नावाचं सॉफ्टवेअर मशीनच्या भाषेत उतरवतं. त्याला बिल्ड म्हणतात. स्क्रीनवर 'बिल्ड ओके' आलं की शेठ कॉम्प्युटरला कुंकू लावून नारळ फोडत. मग तो प्रोग्राम चिपमध्ये घालून चिप मशीनला बसवायची.

शेठ जर्मनीच्या प्रदर्शनाला गेले आणि येताना नवा कंपायलर घेऊन आले. तो जर्मनमध्ये बोलायचा. इंग्रजी मागवू या, मी म्हटलं.

"कशाला, मॅडम? पाहुणे येतात, स्क्रीनवर जर्मन दिसतं. इम्प्रेशन पडतं."

पाहुणे खरंच माना डोलवत. आम्हीही डोलवत होतो.

महाजनने रिळाचा वेग कमी केला. बिल्ड ओके. नारळ. धागा तुटला. वेग आणखी कमी केला. ओके, नारळ, धागा तुटला. कॅन्टीनमध्ये रोज खोबऱ्याची चटणी होऊ लागली.

"ताई, वेग निम्म्यावर आणला तरी मशीन ऐकूनच नाही राहिलं," महाजन रडकुंडीला आला होता. मला शेठचा संताप आला.

चिपमध्ये जाणाऱ्या फाइलची तारीख पाहिली. दिवाळीच्या आधीची. म्हणजे नवा प्रोग्राम तयारच होत नव्हता, जुनाच पुन्हा पुन्हा जात होता. मग ओके कोण म्हणत होतं? आमचीच बॅच फाइल. ती कॉम्प्युटरला एकामागून एक हुकूम देते. कंपायलरच्या ओळींत तिला 'एरर' हा इंग्रजी शब्द सापडला नाही, की तिच्या लेखी सगळं ओके.

त्या जर्मन ओळींत एक शब्द सारखा येत होता. खाली शेठच्या लाडक्या जर्मन लेथवर लाल दिव्याखाली तोच कोरलेला होता, 'फेलर'. दिवा लागला की मशीन बंद करायचं, हे अख्ख्या खात्याला ठाऊक होतं. महाजनकडून प्रोग्रामात एक अर्धविराम घालायचा राहिला होता, आणि तेवढ्यानेही बिल्ड अडतं. कंपायलर रोज ओरडून सांगत होता आणि आम्ही त्याला कुंकू लावत होतो.

"मग बॅच फाइलला आता 'एरर'ऐवजी 'फेलर' शोधायला लावू?" महाजनने विचारलं.

"नको. उद्या शेठ जपानला गेले तर?"

असं सॉफ्टवेअर काम संपवताना मागे एक आकडा ठेवतं. शून्य म्हणजे झालं, दुसरं काही म्हणजे नाही झालं. आकड्याला भाषा नसते. बॅच फाइलला तोच बघायला लावला. अर्धविराम मात्र शनिवारपर्यंत मुद्दाम घातला नाही, शेठनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून.

शनिवारी शेठ पाहुण्यांना घेऊन आले. स्क्रीनवर आलं, 'बिल्ड फेल'. नारळाचा हात वरच राहिला. महाजनने अर्धविराम घातला. ओके. नवी चिप मशीनला बसवली. रीळ काठोकाठ भरलं, धागा तुटला नाही.

"सोमवारी वेळेवर ये," शेठ महाजनला म्हणाले. मग मला बाजूला घेतलं. "मॅडम, ते फेल वगैरे पाहुण्यांसमोर बरं नाही दिसत. जर्मनमध्ये लिहा."

लिहिलं. तेव्हापासून आमचं अपयशही इम्पोर्टेड झालं.

समोरचा काय बोलतोय ते कळत नसेल, तर काम झालं का, एवढं तरी विचारावं. नारळ नंतरही फोडता येतो.